‘ब्लॉक नाही’ असा अहवाल आणि तरीही छातीत कळ: महाधमनीची झडप अरुंद झालेल्या एका रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ६३ वर्षांचे शेतकरी. नीरेच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, अडीच एकर ऊस, दोन म्हशी, घरात दोन मुले आणि सुना. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही कौटुंबिक तपशील येथे गाळले आहेत. मधुमेह नव्हता, रक्तदाब कधी वाढल्याचे कोणी सांगितले नव्हते. चुन्याबरोबर तंबाखू मात्र तीस वर्षांपासून चालू होती. वीस-एक वर्षांपूर्वी गावातल्या आरोग्य शिबिरात एका डॉक्टरांनी “हृदयात आवाज येतो, मोठ्या दवाखान्यात दाखवा” असे सांगितले होते, पण काहीच दुखत नसल्याने ते राहून गेले. ही आठवण त्यांच्या पत्नीने आम्हाला फार उशिरा, शस्त्रक्रियेची तारीख ठरल्यानंतर सांगितली.

हे गृहस्थ बावीस वर्षे गावच्या दिंडीबरोबर माउलींच्या पालखीला चालत. आळंदी ते पंढरपूर हे अंतर चालणारा माणूस म्हणून घरात आणि गावात त्यांच्या प्रकृतीबद्दल कोणाला शंका नव्हती. मागाहून विचारल्यावर कळले की आधीची दोन वर्षे ते चढावर मागे पडत होते आणि वयामुळे होत असेल असे स्वतःच ठरवून मोकळे झाले होते.

दिवे घाटातला प्रसंग

त्या वर्षीच्या वारीत दिवे घाट चढताना अर्ध्यावर छातीवर धोंडा ठेवल्यासारखे झाले, कळ जबड्यापर्यंत गेली आणि ते रस्त्याच्या कडेला बसले. वैद्यकीय मदत पथकाने त्यांना गाडीत घेतले. रक्तदाब ११०/८० होता, ईसीजीमध्ये बदल दिसत होते, त्यामुळे हृदयविकार गृहीत धरून जिभेखाली नायट्रेटची गोळी दिली गेली. चार-पाच मिनिटांत त्यांचे डोळे फिरले, रक्तदाब ७० वर आला. पाय उंच करून सलाइन चालू केल्यावर ते शुद्धीवर आले आणि त्यांना शहरातल्या एका हृदयोपचार केंद्रात पाठवण्यात आले.

गोळीनंतर माणूस असा कोसळणे हा या आजाराचा, म्हणजे महाधमनीची (हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिनीची) झडप अरुंद असल्याचा, पहिला स्पष्ट इशारा होता. नायट्रेटमुळे शिरा सैल होतात आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. ज्याच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा जाड व ताठ झालेला आहे, त्याला भरण्यासाठी पुरेसे रक्त परत यावेच लागते, आणि पुढची झडप अरुंद असल्याने बाहेर पडणारे रक्त ऐन वेळी वाढवण्याची सोयही त्याच्याकडे नसते. रक्तदाब पडला की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलणारा जोरही पडतो, म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी दिली तोच वाढतो. नायट्रेट अशा रुग्णात कधीच देऊ नये असे नाही. पण ते तपासून, थोड्या मात्रेत आणि नजरेसमोर द्यावे लागते. पथकातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. टाळ-मृदंगाच्या गजरात स्टेथोस्कोपने मर्मर, म्हणजे झडपेतून रक्त घुसळत जातानाचा आवाज, ऐकू येणे अवघडच. परंतु हा प्रसंग पुढच्या केंद्राच्या कागदात ‘चक्कर’ एवढ्या एका शब्दात उतरला आणि त्याचा अर्थ कोणी लावला नाही.

पहिले निदान

केंद्रात ईसीजीमध्ये डावा कप्पा जाड झाल्याच्या खुणा आणि एसटी रेषेची घसरण (स्नायूला रक्त कमी पडल्याची खूण) दिसली, ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन, किंचित वाढलेले होते. दुसऱ्या दिवशी मनगटातून ॲन्जिओग्राफी झाली. तिन्ही मुख्य रक्तवाहिन्या मोकळ्या होत्या, एका ठिकाणी २० ते ३० टक्के इतकाच थर होता. नातेवाइकांना “ब्लॉक नाही, घाबरू नका, गॅसचा त्रास असेल” असे सांगण्यात आले. घरी सोडताना ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, सकाळ-संध्याकाळची नायट्रेटची गोळी आणि पित्ताचे औषध लिहून दिले होते.

याच फाइलच्या मागच्या पानावर इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल होता. त्यात डाव्या कप्प्याची भिंत जाड, आकुंचन चांगले, महाधमनीची झडप चुनखडीसारखी कडक झालेली आणि झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग ३.४ मीटर प्रति सेकंद, म्हणून ‘मध्यम अरुंदता’ असे लिहिले होते. हे पान घरच्यांनी वाचलेच नव्हते. लोकांच्या बोलण्यात हृदयविकार म्हणजे ब्लॉक, आणि ब्लॉक नसेल तर हृदय ठीक, हे समीकरण इतके पक्के आहे की डॉक्टरही नकळत त्यातच बोलू लागतात.

माझ्याकडची पहिली भेट

श्रावणात ते तालुक्याच्या गावी माझ्या ओपीडीत आले. तक्रार छातीत जळजळ आणि चालल्यावर दाटून येणे. हातात मोठ्या दवाखान्याची फाइल, वर ठळक अक्षरांत ॲन्जिओग्राफी नॉर्मल. बाहेर साठ नंबर लागलेले. मी नाडी मोजली, रक्तदाब घेतला, पित्ताचे औषध बदलले आणि बाकीच्या गोळ्या तशाच पुढे लिहिल्या. छातीला स्टेथोस्कोप लावला नाही. हे लिहिणे मला सोपे वाटत नाही, परंतु या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय कदाचित हाच होता, आणि तो मी निर्णय घेतो आहे हे न कळता घेतला.

दुसरी भेट आणि पुन्हा तपासणी

दिवाळी उरकल्यावर थोरला मुलगा त्यांना घेऊन आला. आता घरापासून गोठ्यापर्यंतच्या शंभर पावलांत दोनदा थांबावे लागत होते. नखे आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू पांढरीफटक. शौचाचा रंग महिनाभरापासून काळपट असल्याचे विचारल्यावरच त्यांनी सांगितले. नाडी ९६, रक्तदाब १०८/७८. मानेतल्या नाडीवर बोट ठेवले तर ठोका जोराने आपटत नव्हता, हळूहळू वर चढून तसाच विरत होता. उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) उजवीकडे वरच्या बाजूला खरखरीत मर्मर होता, तो मानेत दोन्ही बाजूंना ऐकू येत होता आणि हृदयाचा दुसरा ध्वनी जवळजवळ नाहीसा झाला होता. हिमोग्लोबिन ८.२ आले, शौचात रक्ताचा अंश सापडला.

आमच्याकडे दर शनिवारी येणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनी इको पुन्हा केला. हृदयाच्या टोकाकडून मोजताना त्यांनाही वेग साधारण ३.५ च मिळाला. मग त्यांनी रुग्णाला उजव्या कुशीवर वळवले आणि उरोस्थीच्या उजव्या कडेने प्रोब लावला, तेव्हा वेग ४.६ मीटर प्रति सेकंद भरला. रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लरची किरणरेषा रक्ताच्या झोताशी तिरकी असेल तर वेग कमी भरतो, आणि दाबाचा फरक वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने चूक आणखी वाढते: ३.४ चा अर्थ झडपेच्या दोन बाजूंच्या दाबात सुमारे ४६ मिलिमीटर पाऱ्याचा फरक, ४.६ चा अर्थ सुमारे ८५. सरासरी फरक ५२ आणि झडपेचे तोंड ०.७ चौरस सेंटिमीटर निघाले. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते; वेग ४ च्या वर, सरासरी फरक ४० च्या वर किंवा तोंड १ पर्यंत वा त्याहून लहान असेल तर अरुंदता तीव्र मानतात. भिंत १५ मिलिमीटर जाड होती. पाच महिन्यांत झडप इतकी बिघडली असे नाही. अशी झडप वर्षाला साधारण ०.३ मीटर प्रति सेकंद या गतीने बिघडते. वारीच्या वेळीही ती तीव्रच होती, मोजली कमी गेली होती.

वाहिन्या मोकळ्या असताना रक्त कमी का पडते

महाधमनीत १०८ चा दाब ठेवण्यासाठी त्यांच्या डाव्या कप्प्याला आत १६० च्या पुढे दाब तयार करावा लागत होता. हा भार पेलण्यासाठी स्नायू जाड होतो, पण त्याच्यातल्या केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. डाव्या कप्प्याच्या स्नायूला बहुतांश रक्त हृदय सैल असताना मिळते, कारण आवळलेल्या स्थितीत त्याच्या आतल्या वाहिन्या चेपलेल्या असतात. अरुंद तोंडातून रक्त बाहेर काढायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे सैल राहण्याचा वेळ आधीच घटतो. ठोके वाढले की तो आणखी घटतो. शिवाय ताठ झालेल्या कप्प्यातला विश्रांतीच्या वेळचा दाबही चढलेला असतो आणि तो आतून वाहिन्यांवर उलटा रेटा देतो. समजा महाधमनीत त्या क्षणी ७० चा दाब आहे. आतला दाब १० असेल तर रक्त ढकलायला ६० उरतात, आतला दाब २५ झाला तर ४५ च. पुरवठा टिकवण्यासाठी सूक्ष्म वाहिन्या बसल्या जागीच जवळजवळ पूर्ण सैल झालेल्या असतात, म्हणून चालताना आणखी रक्त मागितले तर द्यायला राखीव काही उरत नाही. सर्वांत आधी उपाशी राहतो तो स्नायूचा सर्वांत आतला थर.

हे सगळे मी त्यांना कालव्याच्या भाषेत सांगितले. चारी, म्हणजे शेताकडे येणारा छोटा पाट, साफ आहे, कुठे गाळ नाही. पण वरच्या बाजूला लागण वाढली, आवर्तनाचे तास कमी केले आणि कालव्याची पातळीही खाली गेली. ते लगेच म्हणाले, “म्हणजे टेलला पाणी पोचत न्हाई.” ही उपमा एका ठिकाणी फसते, कारण अरुंद दार चारीवर नसून पंपाच्या तोंडाशी आहे, परंतु ‘ब्लॉक नाही तर दुखते का’ या घरच्यांच्या प्रश्नाला त्या एका वाक्याने उत्तर मिळाले. त्यात रक्तक्षयाची भर पडली होती. पोचते त्या रक्तातही प्राणवायू कमी, आणि तो भरून काढण्यासाठी ठोके ९६ वर.

रक्त जात कोठून होते याचेही उत्तर झडपेशीच जोडलेले असण्याची शक्यता होती. अरुंद झडप आणि आतड्यातला रक्तस्राव यांचा संबंध एडवर्ड हाइड यांनी १९५८ साली नोंदवला. झडपेतून वेगाने घुसळत जाताना रक्त गोठवणाऱ्या वॉन विलिब्रँड घटकाचे मोठे रेणू तुटतात, आणि आतड्यातल्या नाजूक, फुगीर वाहिन्यांतून रक्त झिरपू लागते. त्यावर आम्ही पाच महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या देत होतो, त्याही ब्लॉक नसताना.

विचारात घेतलेले पर्याय

ट्रेडमिल चाचणी करून पाहावी अशी एक सूचना आली होती. तीव्र अरुंदता आणि त्याबरोबर लक्षणे असताना ती चाचणी करत नाहीत. ती तेथेच बाजूला ठेवली.

केवळ औषधांवर राहण्याचा पर्याय कुटुंबाला हवा होता. झडप मोकळी करणारे कोणतेही औषध नाही. स्टॅटिनने झडपेचा कडकपणा मंदावेल अशी आशा एकेकाळी होती, ती २००५ आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत खोटी ठरली. जॉन रॉस आणि युजीन ब्राउनवाल्ड यांनी १९६८ साली मांडलेले चित्र आजही ढोबळमानाने सांगितले जाते: झडप न बदलल्यास छातीतली कळ सुरू झाल्यापासून सरासरी पाच वर्षे, बेशुद्धी येऊ लागल्यापासून तीन, आणि हृदय निकामी होऊ लागल्यापासून दोन. हे आकडे मी धाकट्या मुलाला सांगितले. रुग्णाला त्यांनी विचारल्यावरच. ठोके मंदावण्यासाठी बीटा-ब्लॉकरचा मोह झाला होता, कारण त्याने सैल राहण्याचा वेळ वाढला असता. पण वाढलेले ठोके ही येथे रक्तक्षयाने घेतलेली भरपाई होती, ती मोडण्याऐवजी आधी रक्त भरावे असे आम्ही ठरवले.

फुग्याने झडप ताणण्याचा उपयोग कडक झालेल्या झडपेत काही महिनेच टिकतो. मांडीच्या वाहिनीतून नवी झडप बसवण्याची पद्धत, जी आलँ क्रिबिए यांनी २००२ साली फ्रान्समधल्या रुआँ येथे प्रथम माणसात वापरली, ती आता आपल्याकडेही रुळली आहे. परंतु वय ६३, शस्त्रक्रियेचा धोका कमी, झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची असल्याचा संशय आणि खर्च पाहता उघड्या शस्त्रक्रियेकडेच सर्वांचा कल होता. धातूची की जैविक झडप हा प्रश्न एरवी या वयात दोन्ही बाजूंनी वादाचा असतो. धातूची टिकते, पण जन्मभर वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारे औषध आणि रक्त किती पातळ झाले हे पाहणारी नियमित आयएनआर तपासणी लागते. त्यांच्या गावाहून तपासणीची सोय चाळीस किलोमीटरवर, हातात रोज विळा, आणि आतड्यातून आधीच रक्त जाते आहे. जैविक झडप पंधरा वर्षांच्या आसपास पुन्हा बदलावी लागेल हे सांगूनही त्यांनी तीच निवडली.

खरा पेच वेगळाच होता: आधी आतडे की आधी झडप. पोटाचे तज्ज्ञ म्हणत होते की अशा हृदयावर भूल देऊन कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करणे धोक्याचे, झडप बदलली की रक्तस्राव बहुधा आपोआप थांबेल. शल्यविशारदांचा मुद्दा असा की शस्त्रक्रियेत हृदयाचे काम करणाऱ्या बायपास यंत्रावर हेपरिन हे रक्त गोठू न देणारे औषध भरपूर द्यावे लागते, रक्त कोठून जाते हे ठाऊक नसताना आणि हिमोग्लोबिन ८ वर असताना आपण हात लावणार नाही. दोघांचेही बरोबर होते. आम्ही मधला मार्ग काढला: आधी रक्त भरायचे, मग हृदयाच्या भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली हलक्या गुंगीत आतडे पाहायचे, मग झडप.

केलेले उपचार

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि नायट्रेट त्याच दिवशी बंद केले. रक्ताची एक पिशवी चार तासांत सावकाश दिली, कारण ताठ कप्प्यात एकदम भार पडला तर फुप्फुसांत पाणी भरते. नंतर शिरेतून लोह दोन वेळा दिले. तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन १०.८ झाले, ठोके ७८ वर आले, आणि ते गोठ्यापर्यंत न थांबता जाऊ लागले. झडप तीच, तोंड तेवढेच, तरी कळ निम्म्याहून कमी.

कोलोनोस्कोपीसाठी आतडे साफ करण्याचे औषध घरी देऊ नये, हा आग्रह भूलतज्ज्ञांचा होता. जुलाबांनी अंगातले पाणी गेले की दिवे घाटातलाच प्रसंग घरात घडला असता. म्हणून ते दवाखान्यात सलाइन लावून दिले. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला दोन फुगीर वाहिन्या सापडल्या, त्या जागीच जाळल्या. तंबाखूने किडलेल्या दाढा काढण्यात आणखी दोन आठवडे गेले. नव्या झडपेला जंतुसंसर्गाचा मोठा मार्ग तोंडातूनच असतो.

केशरी रेशनकार्डावर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया मंजूर झाली आणि जानेवारीत झडप बदलली. जुनी झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची होती. स्नायू इतका जाड असताना हृदय थांबवण्याचे थंड द्रावण आतल्या थरापर्यंत पोचेल याची खात्री नसते, म्हणून शल्यविशारदांनी ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या दोन्ही तोंडांतून थेटही दिले. महाधमनीचा वरचा भाग ४१ मिलिमीटर रुंद होता. झडप बदलतानाच तो भाग बदलण्याचा विचार ४५ च्या पुढे करतात, म्हणून तो तसाच ठेवला.

परिणाम

तिसऱ्या दिवशी ठोके अनियमित झाले आणि रक्तदाब उतरला. असे ठोके पडताना वरचा कप्पा नीट आवळत नाही; ताठ कप्प्याला भरण्यासाठी त्या वरच्या कप्प्याचा रेटा किती लागतो हे त्या रात्री आम्ही मॉनिटरवर पाहिले. औषधाने अठरा तासांत ठोके पूर्ववत झाले. दहाव्या दिवशी ते घरी गेले.

सहा महिन्यांनी झडपेवरचा सरासरी फरक ११ होता, हिमोग्लोबिन १२.९, शौचात रक्त नाही, छातीत कळ नाही. भिंत मात्र १३ मिलिमीटरपर्यंतच उतरली आहे आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना दम लागतो. स्नायूची जाडी हळूहळू उतरते आणि त्यात मुरलेला तंतुमय भाग पूर्ण जात नाही. उशिराची किंमत बहुधा त्या दमात आहे. पुढच्या वारीत दिवे घाट त्यांनी दिंडीच्या ट्रकमधून पार केला आणि सासवडपासून चालायला सुरुवात केली. चढ टाळण्याचा निर्णय त्यांचा, आम्ही मनाई केली नव्हती.

काय वेगळे करता आले असते

घाटातल्या गोळीनंतरची बेशुद्धी हा शब्द पुढच्या कागदावर स्वतंत्र ओळीत लिहिला गेला असता, तर मध्यम अरुंदतेच्या अहवालावर शंका घेण्यास कारण मिळाले असते. कडक झडप, जाड भिंत, कळ आणि बेशुद्धी एकत्र असताना ‘मध्यम’ हा आकडा पटण्यासारखा नव्हता. अशा वेळी उजव्या बाजूने मोजमाप पुन्हा घ्यावे, किंवा सीटीवर झडपेतल्या कॅल्शियमचा अंक काढावा. पुरुषांत तो २००० च्या पुढे असेल तर अरुंदता तीव्र असण्याची शक्यता मोठी असते. ॲन्जिओग्राफीनंतर दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कशासाठी चालू ठेवल्या याचे कारण फाइलमध्ये नव्हते, आणि मी ते शोधले नाही. श्रावणात मी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकले असते तर तीन महिने आणि बहुधा रक्तस्राव टळला असता.

आतडे आधी तपासण्याबद्दल मात्र माझे मत अजून पक्के झालेले नाही. आमच्या रुग्णात ते निभावले. कळ बसल्या जागी येत असती, तर मी पोटाच्या तज्ज्ञांचे ऐकले असते.

दोन पाकळ्यांची झडप घराण्यात चालू शकते, म्हणून दोन्ही मुलांचा इको केला. थोरल्याची झडप तीन पाकळ्यांची आहे. धाकटा ३४ वर्षांचा, त्याची दोन पाकळ्यांची निघाली, वेग २.१, महाधमनी ३६ मिलिमीटर, तक्रार काहीही नाही. त्याचा पुढचा इको उजव्या कुशीवरूनही घ्यावा, असे मी चिठ्ठीवर लिहून दिले आहे.